निधनवार्ता आणि मृत्युपत्रं: खानदेशातल्या घराण्याचा इतिहास कसा शोधावा

खानदेशातल्या बऱ्याच घरांत वंशावळीचा एखादा कागद निघतो. वारसनोंदीसाठी नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी तो कधीतरी तयार केलेला असतो. पणजोबा वर, खाली त्यांचे मुलगे, त्यांच्याखाली मुलग्यांचे मुलगे. लेकी त्यात नसतात. सुना कुठल्या गावच्या, हे नसतं. दत्तक गेलेला भाऊ नसतो आणि सुरतेला जाऊन राहिलेली शाखा एका नावावर येऊन थांबते. हे गळलेलं सगळं मरणाच्या आगेमागे झालेल्या कागदांत मिळतं: निधनवार्ता, शोकपत्रिका, मृत्युपत्र आणि वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरातली नावबदलाची नोंद. हे कागद वाचताना आधी बायकांची नावं शोधा, असं माझं ठाम मत आहे. अडलेलं कूळ बहुतेक वेळा तिथूनच पुढे सरकतं.

आधी घर आणि म्हातारी माणसं

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर फुईकडे, म्हणजे आत्याकडे जा. तिला माहेर आणि सासर, दोन्हीकडचं पाठ असतं. मुलग्यांना आजोबांचे भाऊ सांगता येतात. फुईला त्या भावांच्या बायका, त्यांची माहेरं आणि कोणाचं कोणाशी का फिस्कटलं, हेही सांगता येतं. तिच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कोण कोणत्या सुमाराला गेलं, कुठे गेलं आणि त्याचं पाणी कुठे दिलं. वर्ष आठवत नसेल तर खुणेवरून विचारा. छपन्नाचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००, मानमोडीची साथ म्हणजे १९१८. एकाच घरातली तीन-चार माणसं एका वर्षात गेलेली दिसली तर अशी साथ किंवा दुष्काळ मनात धरूनच पुढे शोधा.

निधनवार्ता कशी वाचावी

मरणाचं पत्र वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी आपल्याकडे रीत होती. म्हणून जुनी पत्रं पेटीत क्वचितच मिळतात, आणि छापून आलेली बातमी जास्त मोलाची ठरते. दैनिकातली निधनवार्ता चार ओळींची असते, तरी तिच्यातला शब्द न् शब्द कामाचा असतो.

'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे' या वाक्यात नावं नाहीत, पण आकडे आहेत. वंशावळीत दोनच मुलगे आणि मुलगी एकही नसेल, तर तीन माणसं शोधायची आहेत हे तिथेच कळतं. त्याच्याखाली 'अमुक यांचे ते सासरे होत', 'तमुक यांचे ते शालक होत' असं असेल तर ते सोन्यासारखं जपा. सासरा म्हटलं की जावयाचं नाव मिळालं, जावई मिळाला की लेकीचं सासर मिळालं. शोकपत्रिकेत शोकाकुल मंडळींच्या यादीत नावापुढे 'ह. मु.' असतं, म्हणजे हल्ली मुक्काम. मूळ गाव शिरपूर तालुक्यातलं आणि ह. मु. उधना, नवसारी किंवा पुणे असं दिसलं, की घराण्यातलं स्थलांतर कोणत्या पिढीत झालं याचा अंदाज येतो. गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपल्याचा विधी, कुठे ठेवली आहे तेही पाहा. माणूस शहरात वारला आणि गंधमुक्ती गावी असेल तर गावातलं घर त्या वर्षी उघडं होतं, भाऊबंद नांदत होते. द्वारदर्शनासाठी, म्हणजे सांत्वनाला घरी येण्यासाठी, दिलेला पत्ता बऱ्याचदा थोरल्या मुलाचा असतो.

जुने अंक कुठे मिळतील? जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय आणि अमळनेरचं पूज्य साने गुरुजी ग्रंथालय ही विचारायची पहिली ठिकाणं. नाशिकचे 'गावकरी' आणि 'देशदूत' खानदेशात वाचले जात, त्यामुळे नाशिकच्या वाचनालयांतही बघा. फाइल अशीच चाळत बसू नका. आधी मृत्यूची तारीख मिळवा आणि तिच्या पुढचे पंधरा दिवस पाहा. दहावं-तेरावं होईपर्यंत बातमी येते. वर्षश्राद्धाच्या सुमारालाही पाहा, फोटोसह श्रद्धांजली तेव्हा असते. त्याच पानांवरच्या 'जाहीर नोटीस' सोडू नका. वारसदाखल्यासाठी कोर्टात अर्ज केला की हरकती मागवणारी नोटीस निघते आणि तीत अर्जदारांचं मयताशी नातं दिलेलं असतं. असे दाखले आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतात, म्हणजे हा कागदाचा प्रकार किती जुना आहे बघा. ज्ञातीच्या मासिकांचे जुने अंकही पाहावेत. त्यातल्या मृत्युलेखांत शिक्षण, नोकरी, देणग्या असा तपशील असतो. स्तुती तेवढी बाजूला ठेवायची.

मृत्युपत्र: कोणी केलं असेल आणि का

सगळ्यांत रस असतो तो मृत्युपत्रात, पण ते प्रत्येक घरात नसतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र हिंदू पुरुषाला करता येत नव्हतं. त्यामुळे त्याआधीचं मृत्युपत्र बहुधा वाटणी होऊन वेगळ्या झालेल्या, स्वतः मिळकत कमावलेल्या किंवा मूलबाळ नसलेल्या माणसाचं असतं. शिवाय १ जानेवारी १९२७ पूर्वी खानदेशातल्या हिंदूचं तोंडी मृत्युपत्रही चालत असे. त्या तारखेपासून लेखी कागद, सही किंवा निशाणी आणि दोन साक्षीदार लागू लागले. तेव्हा पणजोबांचा कागद नाही म्हणून त्यांनी काही सांगून ठेवलं नाही, असं समजू नका.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदलेलं असेल तर ते दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. दत्तक घेण्याचे अधिकारपत्रही त्याच पुस्तकात नोंदतात, म्हणून निपुत्रिक चुलत्याचा माग काढताना दोन्ही विचारा. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो वारल्यानंतर कोणीही अर्ज करू शकतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडा आणि नाव, गाव, अंदाजे वर्ष द्या. वर्ष नक्की नसेल तर काही वर्षांच्या सूची पाहण्याची शोध फी भरा.

नक्कल हातात आली की घाईने मिळकतीच्या यादीकडे जाऊ नका. 'कारणे मृत्युपत्र लिहून ठेवितो ऐसा जे' यानंतर वय येतं, त्यावरून जन्माचा अंदाज मिळतो. मग कुटुंबाची हकीकत: पहिली बायको केव्हा मयत झाली, दुसरी कोण, कोणत्या मुलाला आधीच वाटणी दिली. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' आणि 'भ्र.' यांच्यापुढे नवऱ्याचं नाव येतं. 'बायजाबाई भ्र.' यापुढचं नाव आणि 'राहणार' यापुढचं गाव मिळालं, की निधनवार्तेतल्या नाव नसलेल्या तीन मुलींपैकी एक सापडली. लेकीला दागिना, भांडी किंवा दोन एकर दिले असतील तर ती हयात होती. 'तिला लग्नात योग्य ते दिले आहे, सबब काही देत नाही' असं असेल तरी ती हयात होती, आणि तिचं लग्न या तारखेआधी झालं होतं. नाकारणारं वाक्यसुद्धा पुरावा म्हणून तितकंच कामाचं आहे.

घराचं वर्णन सावकाश वाचा. 'तीन खणी धाब्याचे घर, पुढे अंगण, मागे खळवाडी. पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस गल्ली' अशा चतुःसीमेत शेजारी म्हणून जी नावं येतात, ती गावात पुष्कळदा भाऊबंदांचीच असतात, कारण एकाच वाड्याचे तुकडे होऊन ती घरं झालेली असतात. शेवटी साक्षीदार आणि लिहिणारा यांची नावं उतरवून घ्या. साक्षीदारांत मेहुणा किंवा व्याही भेटतो. 'दस्तूर खुद्द' असेल तर ती सही माणसाच्या स्वतःच्या हातची. 'निशाणी डावे हाताचा अंगठा' असेल तर तेही टिपा. हाताने उतरलेल्या नकलेत मात्र ती मूळ सही दिसत नाही.

फेरफाराशी ताडून पाहा

मृत्युपत्र म्हणजे माणसाची इच्छा. पुढे झालं काय, ते फेरफार सांगतो. गाव नमुना ६ मध्ये 'खातेदार मयत, वारस पुढीलप्रमाणे' अशी नोंद असते. अल्पवयीन वारसापुढे 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पालनकर्ती बहुधा आई असते. विधवेचं नाव पहिल्यांदा असंच सापडतं. 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दिसलं तर एकट्या थोरल्याच्या नावामागे सगळे भाऊ आहेत असं धरा. बहिणींची हक्कसोड पत्रंही वाचा, कारण हक्क सोडताना का होईना, त्यांची पूर्ण नावं आणि सासरची गावं लिहावी लागतात. जुन्या नोंदीत सर्व्हे नंबर असतो आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर. दोन्हींचा मेळ तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, नाहीतर शेत हरवल्यासारखं वाटतं. काही जिल्ह्यांचे जुने स्कॅन केलेले उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. धुळे त्यात सुरुवातीपासून आहे.

मृत्यूची तारीखच नसेल तर १९७० नंतरची ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारा, आधीची कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. ही बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याच्या कामात अशी बरीच रजिस्टरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. दाखल्याची गरज नसलेल्यांनीही ती जरूर पाहावीत.

जिल्हा, लिपी, सन

कागदावर नुसतं 'जिल्हा खानदेश' असेल तर तो १९०६ पूर्वीचा. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला, म्हणून शहाद्या-तळोद्याच्या माणसांनी धुळ्याला विचारायला विसरू नये. मालेगाव आणि बागलाण १८६९ पर्यंत खानदेशात होते. गावांची नावंही बदलली: एदलाबादचं मुक्ताईनगर झालं.

आडनावावर तर फार भिस्त ठेवू नका. पाटीलकी असलेल्या घरात एक भाऊ 'पाटील' लावतो, दुसरा मूळ आडनाव लावतो, आणि दोघांच्या निधनवार्ता पाहून ही दोन घरं वाटतात. माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव ही तीन जुळली तरच माणूस तोच.

जुने कागद मोडीत असतात. शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं. शिकायची तयारी नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ हे चौकशीसाठी चांगलं ठिकाण. शके असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९: शके १८३० चा श्रावण म्हणजे १९०८. व्यापारी घरांत दिवाळीला सुरू होणारा संवत असतो, त्यातून दिवाळी ते डिसेंबर ५७ आणि त्यानंतर ५६ वजा करा. वर्षाच्या कडेला एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे गावावार चोपडे असतात. अस्थी घेऊन कोण आलं, बरोबर कोण होतं, हे त्यात येणाऱ्यांनी सांगितलेलं असतं. गाव आणि कूळ सांगून विचारा, दक्षिणा द्या, आणि पान वाचत असतानाच सगळं उतरवून घ्या.

भाऊबंदांना आधी सांगा

जुनं मृत्युपत्र शोधतोय असं कळलं की गावात पहिली शंका येते ती जमिनीची. म्हणून अर्ज करण्याआधीच भाऊबंदांना बसवून हेतू सांगा, आणि मिळालेली प्रत्येक नक्कल त्यांनाही द्या. दुसऱ्या लग्नाचा, दत्तकाचा किंवा वारसातून वगळलेल्याचा उल्लेख निघाला तर ते घराच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. ज्यांचा तो विषय आहे त्यांना समोर बसून दाखवा. प्रत्येक नावासमोर ते कुठल्या कागदातून आलं, कार्यालय कोणतं, नोंदीचा क्रमांक काय आणि नक्कल कोणत्या तारखेला घेतली, हे लिहा. फुईने सांगितलेलं आणि कागदात मिळालेलं वेगवेगळ्या शाईत ठेवा. दोन्ही जुळत नसतील तर एकही खोडू नका. तिने सांगितलेलं नाव घरात हाक मारायचं असू शकतं आणि कागदावरचं शाळेतलं.