क्लिंग फिल्म सोडताय? मग या चुका टाळा

क्लिंग फिल्म, म्हणजे पदार्थ झाकायचा तो पातळ, चिकटणारा प्लास्टिकचा कागद, बंद करायची ठरली की पहिल्याच दिवशी ऑनलाइन काहीतरी मागवलं जातं. आधी एवढं ठरवा: पदार्थ झाकायचा तो वाळू नये म्हणून, की त्याला ओल धरू नये म्हणून? फिल्म दोन्हींवर सारखीच ताणतात, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. फडकं, डबा आणि मेणाचं कापड (मधमाशांचं मेण मुरवलेलं सुती कापड) यांची कामं मात्र वेगवेगळी आहेत.

मेणाच्या कापडाला फिल्मसारखं वागवणं

सगळ्यात जास्त कापडं इथेच वाया जातात. मधमाशांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या पाण्याखाली कापड धरायचं, वर भांड्यांची साबणवडी घासायची आणि वाळायला पत्र्यावर टाकायचं, हा नेहमीचा प्रकार. तासाभरात मेण पत्र्याला चिकटतं, कापड मध्ये कोरडं पडतं आणि कडेला गोळे होतात. मग तक्रार काय, तर 'हे काही टिकत नाही'.

कापड सकाळी धुवा. नळाचं पाणी कोमट वाटलं तर माठातलं घ्या. साबण थेंबभर पुरे. सावलीत वाळवा आणि उन्हाळाभर घडी फ्रिजच्या दारात ठेवा. मेण उतरलंच असेल तर कापड दोन बटर पेपरांमध्ये ठेवून, उघड्या जागी थोडं किसलेलं मेण भुरभुरून मंद इस्त्री फिरवा. पुन्हा कामाला येतं.

घरी करायचं तर 30 सेंटिमीटर चौरस पातळ सुती कापडाला 10-12 ग्रॅम मेण लागतं. सोलापुरात घरोघरी जुने टॉवेल असतात म्हणून त्याचेच तुकडे कापू नका. टेरीचे, म्हणजे टॉवेलच्या जाड कापडाचे, फासे मेण पितच राहतात आणि तयार होतं ते ताठ पायपुसणं. मेणबत्तीचं मेणही नको, ते घडीवर तडकतं. नुसत्या मेणाचं कापड स्वतःला चिकटत नाही, त्याला दोरा बांधा. गरम पदार्थ, कच्चं मटण आणि मासे यांना हे कापड लावूच नका.

गरम भाकरी गुंडाळणं

तव्यावरून उतरलेली भाकरी फिल्ममध्ये काय किंवा घट्ट डब्यात काय, वाफ सुटून थेंब धरतेच. खालची भाकरी चिंब होते आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस लागते. भाकऱ्या आधी दोन-तीन मिनिटं जाळीवर किंवा बुट्टीच्या (टोपलीच्या) कडेला उभ्या करा. मग सुती फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवा. जुना टेरी टॉवेल खरा इथे उपयोगी, तो वाफ शोषतो. फक्त तो वासाच्या पावडरीत धुतलेला नको, नाहीतर भाकरीलाही तोच वास. कडक भाकरीला तर गुंडाळायचंच कशाला? तिच्यात ओलच नाही. पावसाळ्यात कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की झालं.

फिल्मऐवजी फॉइल

ही सुधारणा नव्हे, फक्त वस्तू बदलली. त्यातून स्टीलच्या भांड्यावर फॉइल ताणलं आणि ते चिंचेच्या आमटीला टेकलं, तर आंबट-खारट रसात स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र येऊन फॉइलला टाचणीएवढी भोकं पडतात. विरघळलेलं ॲल्युमिनियम आमटीत जातं. वाटीवर ताटली पालथी घाला, विषय संपला.

किरकोळ, पण रोजच्या

कणीक मोठ्या डब्यात ठेवू नका. आत हवा जितकी जास्त तितकी ती लवकर काळी पडते. गोळ्याला तेलाचं बोट फिरवून तो जेमतेम मावेल असा डबा घ्या आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

कोथिंबीर धुऊन गुंडाळू नका. निवडून, कोरड्या फडक्यात, डब्यात.

सिलिकॉनचं झाकण बसत नाही म्हणून ओढत बसू नका. भांड्याची कड ओली किंवा तेलकट असते. पुसा, मग लावा.

शेंगा चटणीला काचेची बरणी आणि कोरडा चमचा. पीव्हीसीच्या फिल्ममधली प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं तेलात उतरतात, आणि ही चटणी म्हणजे तेलच.

मेणाचं कापड अगदीच गेलं की पट्ट्या फाडून ठेवा. चूल किंवा बंब पेटवायला कागदापेक्षा बरी.