नाका उठला, बिल्टी राहिली: इंदुरात टॅक्सच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

सियागंजाजवळच्या एका कर सल्लागाराकडे मी 2016 साली लागले. पहिलं वर्ष सी-फॉर्मच्या, म्हणजे परराज्यातल्या खरेदीदाराने द्यायच्या फॉर्मच्या, मागे धावण्यात गेलं. तो फॉर्म आला तर परराज्यातल्या विक्रीवर 2 टक्के कर, नाही आला तर पूर्ण दर. पुण्या-नाशिकच्या पेढ्यांना फोन करायचं काम माझ्याकडे, कारण मराठी. (घरी आजी म्हणायची, मराठीचा एवढा तरी उपयोग झाला!)

1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि मुंबईच्या वाटेवरचा सेंधव्याचा विक्रीकर बॅरियर उठला. मला वाटलं, आता आपलं काय काम? काम वाढलं.

मालाचं लवकर अंगवळणी पडतं. 50,000 रुपयांच्या वर माल निघाला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना. दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत, म्हणजे मुंबईला तीन दिवस. ते भरताना बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) समोर ठेवून गाडी नंबर मोठ्याने वाचा. मी एकदा 8चा 3 केला आणि गाडी रात्रभर अडकली. अशी एखाद-दोन आकड्यांची चूक असेल तर 1,000 रुपये दंडावर सुटतं, हे 2018च्या परिपत्रकात आहे. ते तेव्हा माझ्या हाताशी नव्हतं. आता मोबाइलमध्येच असतं.

खरी डोकेदुखी सेवांची. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर साधारणपणे पहिल्या रुपयापासून जीएसटीची नोंदणी. सेवेला मात्र वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट. पुण्याचं काम घरबसल्या करणाऱ्या मुलींना हे आधी सांगा, उगाच नोंदणी करून बसतात. मग 'सेवेचं ठिकाण', म्हणजे सेवा कुठल्या राज्यात दिली असं धरायचं, ते शिका. आर्किटेक्ट इंदूरचा, गिऱ्हाईक इंदूरचं, पण बंगला नाशिकला: बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लागतो. हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं.

आणि एक भिंत अजून तशीच उभी आहे. आमचे एक व्यापारी दर महिन्याला मुंबईच्या हॉटेलचं बिल आणतात, त्यातला कर आपल्या भरायच्या करातून वळता करून हवा असतो. तो महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (राज्याच्या आतल्या व्यवहारावरचे केंद्राचा आणि राज्याचा कर), इंदूरच्या खात्यात चालत नाही. "देश एक, टॅक्स एक ना, भिया?" असं ते सरांना विचारतात. सर माझ्याकडे बघतात. मी दोन्ही जीएसटी नंबरांचे पहिले दोन आकडे, म्हणजे राज्याचा कोड, दाखवते: त्यांचा 23, हॉटेलचा 27. पुढच्या महिन्यात ते पुन्हा बिल घेऊन येतात.