लायसोझाइम वाढलं म्हणजे विषाणू मेला का? एमव्हीएस्सीच्या पहिल्या वर्षातला अनुभव

पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएस्सीला (पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश झाला की सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायच्या सुमारास नवीन मुलं हमखास विचारतात, ‘जन्मजात प्रतिकारशक्तीवर काहीतरी करायचंय, लायसोझाइम घेऊ का? चाचणी सोपी आहे, खर्चही कमी.’ लायसोझाइम म्हणजे जिवाणूंची भिंत तोडणारं एंझाइम. जरूर घ्या. मीही तेच घेतलं होतं आणि आजही मला हा विषय मनापासून आवडतो. पण शीर्षकात ‘विषाणू’ हा शब्द घालणार असाल, तर माझं पहिलं वर्ष कुठे अडकलं ते आधी ऐका.

लायसोझाइमची गोष्टच एका सर्दीपासून सुरू होते. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला शेंबूड जिवाणूंच्या प्लेटवर टाकला आणि तिथले पिवळे ठिपके विरघळून गेले. १९२२ मध्ये त्यांनी ते छापलं. पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट. सर्दी होते विषाणूमुळे, म्हणून ही हकिगत वाचणाऱ्याच्या मनात लायसोझाइम आणि विषाणू यांची जोडी आपोआप जमते. माझ्याही मनात जमली होती. पण प्लेटवर विरघळला तो जिवाणू, मायक्रोकॉकस. सर्दीच्या विषाणूचं काय झालं, हे त्या प्रयोगात कुणी बघितलंच नव्हतं. आणि लायसोझाइम तर सर्दी नसलेल्या माणसाच्या अश्रूंत, लाळेतही असतंच.

हे एंझाइम नेमकं काय तोडतं, ते पाठ करू नका, कागदावर काढून बघा. जिवाणूच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन असतं. त्यात दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून ओवलेल्या असतात, आणि त्यांच्यामधला बीटा-१,४ बंध लायसोझाइम तोडतं. कोंबडीच्या लायसोझाइममध्ये १२९ अमिनो आम्लं असतात. १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. रचना कळलेलं ते पहिलं एंझाइम. आता शेजारी कोंबड्यांच्या रानीखेत या आजाराचा विषाणू काढा. आत आरएनए, भोवती प्रथिनं, बाहेर यजमान पेशीकडूनच घेतलेलं मेदाचं आवरण. पेप्टिडोग्लायकन कुठेच नाही. म्हणजे ज्या कामासाठी लायसोझाइम प्रसिद्ध आहे, ते काम करायला इथे जागाच नाही. हे चित्र मी पहिल्या आठवड्यात काढलं असतं तर चार महिने वाचले असते.

आता ते चार महिने. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या एका लेयर फार्मवर मर लागली होती. माना वाकड्या, हिरवी हगवण, श्वासाला घरघर. गावात ज्याला मानमोडी म्हणतात तेच. चाचणीत रानीखेत निघाला. मी आजारी आणि निरोगी पक्ष्यांचं रक्त आणलं, सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) वेगळं केलं, लायसोझाइम मोजलं. आजारी पक्ष्यांत ते स्पष्ट वाढलेलं. मी आनंदानं आलेख काढला आणि खाली लिहिलं, ‘विषाणूविरोधी संरक्षणात लायसोझाइमचा सहभाग.’ माझ्या गाईडनी (संशोधनाच्या मार्गदर्शकांनी) आलेख बघितला आणि एकच विचारलं, ‘पोस्टमॉर्टेमचं रजिस्टर आणलंस का?’

ते आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. मेलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेकांच्या हृदयावर आणि यकृतावर सायीसारखा पांढरट पापुद्रा असल्याची नोंद होती. पोल्ट्रीत काम केलेल्याला तो पापुद्रा लगेच ओळखू येतो: ई. कोलाय. विषाणूनं श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढलं आणि मागून जिवाणू आत शिरले. मग माझं वाढलेलं लायसोझाइम कुणासाठी होतं? विषाणूसाठी, जिवाणूंसाठी, की नुसत्या दाहामुळे मॅक्रोफेज आणि हेटेरोफिल या प्रतिकार करणाऱ्या पेशींनी सोडलेलं? माझ्याकडे जे सिरम होतं, त्यावरून याचं उत्तर देताच येत नव्हतं.

पण खरा विषय तिथेच हाती लागला. विषाणूच्या साथीत पक्षी मरतात ते पुष्कळदा या दुसऱ्या लाटेनं, आणि ती लाट थोपवण्यात लायसोझाइमचा वाटा असू शकतो. कोंबडीच्या हेटेरोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे जिवाणू मारायला मदत करणारं एंझाइम नसतं, त्यामुळे तिला लायसोझाइमसारख्या प्रथिनांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. शिवाय जिवाणूच्या भिंतीचे जे तुकडे लायसोझाइम सुटे करतं, ते पेशींच्या आतले नॉड ग्राहक ओळखतात आणि प्रतिकारयंत्रणा जागी होते. विषाणूला हातही न लावता विषाणूच्या आजारात जीव वाचवणं ही माझ्या मते लहान भूमिका नाही.

मग थेट विषाणूवर काहीच परिणाम नाही का? आहे, पण रस्ता वेगळा आहे. १९९९ मध्ये गरोदर स्त्रियांच्या लघवीतून मिळवलेल्या एचसीजी संप्रेरकाच्या नमुन्यांत एचआयव्हीविरोधी गुण कशामुळे येतो, हे शोधताना संशोधक लायसोझाइमपाशी पोहोचले. जपानमध्ये उष्णतेनं निकामी केलेल्या लायसोझाइमनं उंदरांचा नोरोव्हायरस निष्क्रिय झाला. म्हणजे एंझाइम म्हणून ते मेलेलं, तरी विषाणूवर परिणाम आहेच. लायसोझाइमचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावर एकूण भार शून्य असतो तो) ११ च्या आसपास आहे, त्यामुळे शरीरातल्या पीएचला त्याच्यावर चांगलाच धनभार असतो. ऋणभार असलेल्या पृष्ठभागांना आणि न्यूक्लिक आम्लांना ते चिकटू शकतं. थेट परिणामाचं स्पष्टीकरण शोधायचं ते अशा गुणांमध्ये, कात्रीसारख्या कामात नाही. मात्र हे प्रयोगशाळेच्या भांड्यातले निष्कर्ष आहेत, ते उचलून जिवंत पक्ष्याला लावू नका.

लायसोझाइमनं प्रत्येक विषाणू मरतो असं कुणी म्हणालं की मला आमची कँडलिंगची खोली आठवते. अंधारात अंडं दिव्यावर धरलं की लालसर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि मध्ये गर्भ हलतो. ९ ते ११ दिवसांच्या अशा अंड्यांतच आपण रानीखेतचा विषाणू वाढवतो, रानीखेतची लासोटा लसही तशीच तयार होते. त्याच अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत सुमारे साडेतीन टक्के लायसोझाइम असतं! अर्थात विषाणू टोचतो ती ॲलँटॉइक पोकळी (गर्भाबाहेरची द्रवानं भरलेली पिशवी) वेगळी, हे खरं. म्हणून हा काही पुरावा नव्हे. पण जागा बदलली की सगळं बदलतं, एवढं डोळ्यांसमोर राहतं. आपल्याकडच्या देवळांवर दिसणाऱ्या वानरांचंच बघा. त्यांच्या पोटात पाला आंबवणारे जिवाणू असतात आणि तिथलं लायसोझाइम त्या जिवाणूंना पचवायच्या कामी येतं. गाईतही तसंच. एकच प्रथिन, डोळ्यात पहारेकरी आणि पोटात पाचक.

चाचणीबद्दल थोडं, कारण चुका इथेच होतात. मायक्रोकॉकसचं गढूळ द्रावण ४५० नॅनोमीटरवर किती झपाट्यानं निवळतं ते मोजायचं असतं. बफरमधलं मीठ जास्त झालं की लायसोझाइम मंदावतं. मी नेहमीचंच पीबीएस (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) ओतलं होतं आणि पहिल्या दोन प्लेट वाया गेल्या. रक्त फुटून लाल झालेलं सिरम घेऊच नका, हिमोग्लोबिन रीडिंग बिघडवतं. पहिल्या काही मिनिटांतला सरळ उतारच धरा. आणि ‘उकळलेलं लायसोझाइम’ कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून ठेवणार असाल, तर ते खरंच निकामी झालंय का, हे मायक्रोकॉकसवर तपासून घ्या. आम्लधर्मी द्रावणात ते थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं.

पेशींवर प्रयोग करताना लायसोझाइम आधी विषाणूला लावून बघा, आधी पेशींना लावून बघा, आणि संसर्गानंतरही लावून बघा, तिन्ही वेगवेगळे. नुसत्या लायसोझाइमनं पेशी मरत नाहीत ना, तेही बघा. तिन्ही एकत्र ओतलं तर काय कुठे घडलं ते कळणार नाही.

माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक शेवटी बदललं; ‘विषाणूविरोधी’ हा शब्द गेला आणि ‘रानीखेतमधील दुय्यम जिवाणूसंसर्ग’ हे शब्द आले. वहीत सिरमच्या प्रत्येक नंबरापुढे आता चार रकाने असतात: लायसोझाइम, विषाणूची चाचणी, यकृताच्या स्वॅबमधून वाढलेले जिवाणू, आणि पापुद्रा होता की नव्हता.