हिब्रू वाक्याच्या शेवटी ध्वनी किती लांबतो, हे कसे मोजावे

सोलापूरच्या एसटी स्टँडवर एकजण ‘आली बस’ एवढेच म्हणाला आणि दुसरा ‘आली बस अक्कलकोटची’ असे म्हणाला, तर पहिल्याच्या तोंडचा ‘बस’ सहसा लांब असतो. बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण वाक्य संपल्याचे ऐकणाऱ्याला त्यावरूनही उमगते. हिब्रूतही हेच घडते. ते मोजायला ‘प्राट’ हे ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

सर्वांत अधिक विचार वाक्ये निवडताना करावा. ‘येश कोस अल हाशुल्खान’ आणि ‘अल हाशुल्खान येश कोस’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ ‘टेबलावर पेला आहे’ असाच होतो. (हा कोस म्हणजे पेला, आपल्या दोन मैलांच्या कोसाशी त्याचा संबंध नाही.) दोन्हींत ‘कोस’च्या आधी ‘येश’च येत असल्याने शेजार सारखा राहतो, फक्त जागा बदलते, शिवाय शेवटचा ‘स’ स्पेक्ट्रोग्रामवर (म्हणजे प्राट दाखवते त्या ध्वनीच्या चित्रावर) वरच्या बाजूला दाट करड्या पट्ट्यासारखा उमटतो, त्यामुळे त्याची सुरुवात सहज सापडते.

मातृभाषा हिब्रू असलेली व्यक्ती सोलापुरात मिळणे कठीण असल्याने ध्वनिमुद्रण बाहेरून मागवावे लागेल. ते व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर न घेता वेव्ह फाइलमध्ये (ध्वनी न दाबता साठवणाऱ्या) घ्यावे, आणि प्रत्येक वाक्य किमान दहा वेळा, मध्ये इतर वाक्ये मिसळून वाचून घ्यावे, कारण तेच ते वाचताना माणूस यादी वाचल्याच्या सुरात जातो. तोवर ‘बस’च्या जोडीवर स्वतःचा हात बसवावा. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी यंत्रमाग थांबलेले असतील अशी वेळ गाठावी. पंखाही बंदच हवा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही अट जाचक आहे, पण पंख्याच्या घरघरीत विरत जाणाऱ्या ‘स’चा शेवट दिसत नाही.

मोजताना पूर्ण शब्दाची एकच लांबी घेण्याची चूक अनेकजण करतात. ‘ओ’ आणि ‘स’ यांच्या सीमा वेगळ्या आखून दोघांचे मिलिसेकंद स्वतंत्र नोंदवावेत, आणि वाक्यान्तीच्या सरासरीला वाक्यामधल्या सरासरीने भागावे. १९९०च्या दशकात हिब्रूवर झालेल्या मोजमापांत ही लांबण शब्दाच्या शेवटाकडे वाढत गेलेली, म्हणजे स्वरापेक्षा अंत्य व्यंजनात अधिक आढळली होती. एकच आकडा घेतल्यास नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. ‘स’ कुठे संपला याचा एकच निकष ठरवून तो सर्व नोंदींना लावावा, आणि मागून येणारा उच्छ्वास त्यात धरू नये.

शब्दावर जोर दिल्यानेही ध्वनी लांबतो. म्हणून ‘बशी नव्हे, पेला’ अशा ठसक्यात वाचलेली नोंद कितीही स्वच्छ असली तरी बाजूला काढावी आणि ते वाक्य पुन्हा वाचून घ्यावे.