मेनफ्रेमच्या डिस्कवर अडकलेली जागा: शोधायची कशी, कळवायची कशी

रात्री जॉब बी३७ (जागा संपल्याची चूक) देऊन पडला की सकाळी पहिली मागणी नव्या व्हॉल्यूमची, म्हणजे नव्या डिस्कची होते. त्याआधी आहे त्या जागेचा हिशेब मांडा. वाया जाणारी जागा साधारण चार प्रकारची असते: मागून घेतलेली पण न वापरलेली, वापरलेली पण महिनोन्‌महिने कोणी न उघडलेली, चुकीच्या ब्लॉकसाइजमुळे (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार) ट्रॅकवरच (डिस्कवरचा वर्तुळाकार पट्टा) फुकट गेलेली आणि व्हीसॅम फाइलच्या (हवा तो रेकॉर्ड थेट शोधता येणारी फाइल) पोटात लपलेली. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. सगळ्यांची एकच बेरीज करून पाठवलेला रिपोर्ट कोणी वाचत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याची चूक नसते.

माहिती गोळा करायला आयडीकॅम्स या फाइलींचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामची डीकलेक्ट कमांड पुरते. व्हॉल्यूम किंवा स्टोरेज ग्रुप (व्हॉल्यूमचा गट) द्या, आउटपुट व्हीबी फाइलमध्ये (कमी-जास्त लांबीच्या रेकॉर्डची) घ्या. पाचव्या स्थानापासून दोन अक्षरांत रेकॉर्डचा प्रकार असतो. डेटासेटसाठी (मेनफ्रेमवरची फाइल) तो ‘डी’. नाव २५ व्या स्थानापासून ४४ अक्षरं, मिळालेली जागा ९३ पासून आणि वापरलेली ९७ पासून, दोन्ही चार-चार बाइटच्या बायनरी. डीएफसॉर्ट या सॉर्टिंगच्या प्रोग्रामने वजाबाकी करून उतरत्या क्रमाने लावा. आकडे किलोबाइटमध्ये येतात. ३३९० या डिस्क मॉडेलचा ट्रॅक ५६,६६४ बाइटचा आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर, म्हणून ८३० ने भागलं की सिलिंडर मिळतात. मल्टिव्हॉल्यूम डेटासेटचा रेकॉर्ड दर व्हॉल्यूममागे एक येतो; आधी नावावर बेरीज करा, मग निकाल द्या.

वेळ महत्त्वाची. हिंजवडीत किंवा खराडीत बसून न्यूयॉर्कचं मशीन सांभाळणाऱ्यांना आपल्या सकाळी डीकलेक्ट चालवणं सोयीचं वाटतं, पण तेव्हा तिकडे रात्रीची बॅच ऐन रंगात असते आणि तात्पुरते डेटासेट यादीत शिरतात. आपल्या संध्याकाळी ऑनलाइन सुरू झालेलं असतं. सीआयसीएसने (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) उघडून ठेवलेल्या व्हीसॅम फाइलचा कॅटलॉगमधला (फाइलींची नोंदवही) वापराचा आकडा तेव्हा ताजा नसतो. बॅच संपल्यावर आणि ऑनलाइन सुरू होण्याआधी मध्ये जी फट मिळते ती पकडा. तिकडचे पहाटेचे पाच म्हणजे पुण्यात दुपारचे साडेतीन. अमेरिकेत घड्याळं पुढे केलेली असताना अडीच.

आता ब्लॉकसाइज, कारण इथलं नुकसान सर्वांत कमी लोकांना दिसतं. ८० बाइटचे एक लाख रेकॉर्ड घ्या. प्रत्येक रेकॉर्ड वेगळा ब्लॉक म्हणून लिहिला तर ३३९० च्या ट्रॅकवर ७८ च मावतात, कारण दर ब्लॉकमागे डिस्क स्वतःसाठी जागा राखते. लागले १,२८३ ट्रॅक, म्हणजे ८६ सिलिंडर. ब्लॉकसाइज २७,९२० केला की एका ट्रॅकवर ६९८ रेकॉर्ड बसतात आणि तीच फाइल १४४ ट्रॅकमध्ये, म्हणजे १० सिलिंडरमध्ये आटोपते. गंमत म्हणजे पहिल्या फाइलची ‘वापरलेली’ जागा पूर्ण भरलेली दिसते, त्यामुळे नुसत्या वजाबाकीत ती कधीच पकडली जात नाही. जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचना) ब्लॉकसाइज शून्य दिला की सिस्टिम स्वतः योग्य आकडा निवडते. लोड लायब्ररीला (चालवायचे प्रोग्राम ठेवायची लायब्ररी) मात्र हाफ-ट्रॅकचा, म्हणजे एका ट्रॅकवर दोन ब्लॉक बसवण्याचा नियम लावू नका. तिथे ३२,७६० च ठेवा.

व्हीसॅमसाठी डी रेकॉर्डमधला वापराचा आकडा उपयोगाचा नाही. डीकलेक्टचा ‘ए’ रेकॉर्ड किंवा लिस्टकॅट (कॅटलॉग दाखवणारी कमांड) यांतून वापरलेला आणि मिळालेला सर्वोच्च आरबीए (फाइलच्या सुरुवातीपासूनचं बाइटमधलं अंतर) घ्या आणि फरक काढा. हा फरक फक्त शेपटाकडची कोरी जागा दाखवतो. आतले रेकॉर्ड डिलीट झाले म्हणून वापरलेला आरबीए खाली येत नाही, म्हणून स्प्लिट (भरलेला भाग दुभंगणं) आणि फ्रीस्पेसही (आत राखलेली मोकळी जागा) बघा. पीडीएसचंही (अनेक मेंबर असलेली लायब्ररी) तसंच: डिलीट झालेल्या मेंबरची जागा कॉम्प्रेस करेपर्यंत वापरातच मोजली जाते.

न उघडलेले डेटासेट ओळखताना सहा महिन्यांची मर्यादा लावू नका. वर्षातून एकदा चालणारे जॉब असतात. ४०० दिवस धरा. पेठेतल्या वाड्यात एखादी खोली वर्षानुवर्षं कुलूपबंद असते, पण भाडेकरू जिवंत असतो, तसंच इथे. लिंकलिस्टमधल्या (सिस्टिम प्रोग्राम शोधते त्या लायब्ररींची यादी) लायब्ररी आयपीएलच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करण्याच्या वेळी उघडतात, त्यामुळे त्यांची शेवटच्या वापराची तारीख जुनीच दिसते. रिकामी फाइलही सरळ उडवू नका. कुठला तरी जॉब तिचं नाव शोधत येतो आणि जेसीएल एररने थांबतो. खरोखर न उघडलेल्या डेटासेटच्या गटाला आधी एचएसएममधून (न वापरलेला डेटा दुसऱ्या साठ्यात हलवणारी सिस्टिम) मायग्रेट करा. कोणी मागितलं तर परत येतं.

रिपोर्ट टक्क्यांवर नको, सिलिंडरवर लावा. १ सिलिंडरची फाइल ९५ टक्के रिकामी असल्याने कोणाचं काही अडत नाही. हाय लेव्हल क्वालिफायरवरून (डेटासेटच्या नावाचा पहिला भाग) अॅप्लिकेशन ठरवा आणि प्रत्येक टीमला तिच्या पहिल्या वीस ओळीच पाठवा: नाव, मिळालेले सिलिंडर, वापरलेले, शेवटची तारीख, कारण, आणि आम्ही काय करणार आहोत. एक डेटासेट एकाच कारणाखाली मोजा. न उघडलेल्याची सगळी जागा मोजली असेल तर त्याचीच रिकामी जागा दुसऱ्या रकान्यात पुन्हा धरू नका. एकदा का असा दुहेरी आकडा सापडला की पुढच्या महिन्याचा रिपोर्ट कोणी उघडत नाही.

संमती आली की डीएफएसएमएसडीएसएस या डिस्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामची रिलीज कमांड (न वापरलेली जागा सोडणारी) आधी नोरन (नुसतं दाखव, करू नको) लावून चालवा आणि यादी पाहा. मिनसेक (किमान सेकंडरी) किमान १ द्या, म्हणजे सेकंडरी (पहिली जागा संपल्यावर मिळणारी वाढीव जागा) नसलेले डेटासेट वगळले जातात. नाहीतर दुसऱ्याच रात्री ते डी३७ (जागा संपली आणि सेकंडरी नाही, ही चूक) देऊन पडतील. साध्या सीक्वेन्शियल फाइलला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंटच (जागेचे सलग तुकडे) मिळतात, त्यामुळे सेकंडरी अगदी चिमूटभर असेल तर तीही वाढवून घ्या. आणि जेसीएलमध्ये प्रायमरी (सुरुवातीला मागितलेली जागा) ५०० सिलिंडर लिहून वापर ४० चा होत असेल, तर ती ओळ बदलून घेतल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. रिलीज हे औषध, प्रायमरीचा आकडा हे पथ्य. आठवड्याने डीकलेक्ट पुन्हा चालवा आणि खरोखर सुटलेले सिलिंडर त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात भरा.