‘मोबाइलमुळे वंध्यत्व’ असा मेसेज आला तर तो कसा तपासावा

असा मेसेज आला की काही जण तो डोळे मिटून पुढे ढकलतात आणि काही जण घाबरून फोनवर चिकटवायचं ‘किरणरोधक’ स्टिकर मागवतात. दोन्ही नको. ओळखीपाळखीतले असे दावे तपासून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडतं. त्यात अवघड टप्पा एकच आहे.

आधी मूळ शोधनिबंध शोधा. त्याचा सारांश बहुतेक वेळा फुकट वाचता येतो. मेसेजमध्ये संशोधनाचा ठावठिकाणाच नसेल तर तिथेच सोडून द्या.

मग प्रयोग कशावर झाला ते बघा: बशीतल्या वीर्यावर, उंदरांवर की माणसांवर? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली मोबाइलमधून निघणाऱ्या रेडिओलहरी ‘संभाव्य कर्करोगजनक’ गटात टाकल्या, हे वाक्य अशा मेसेजमध्ये हमखास असतं. ते वर्गीकरण कर्करोगाबद्दल आहे. मूल होण्या-न होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता अवघड टप्पा: लहरी किती होत्या आणि किती अंतरावरून? सुरुवातीला मलाही इथेच घाम फुटायचा, कारण हा भाग ‘पद्धती’ या सगळ्यात रटाळ प्रकरणात दडलेला असतो. पण दाव्याचा जीव तिथेच असतो. क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २००९ साली वीर्याचे नमुने कॉल चालू असलेल्या फोनपासून २.५ सेंटिमीटरवर तासभर ठेवले. शुक्राणूंची हालचाल मंदावली, ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा भार) वाढला. निष्कर्ष खोटा नाही, पण बशीतल्या शुक्राणूंना ना कातडी असते, ना उष्णता वाहून नेणारं रक्त. खिशातला फोनही तासभर सलग कॉलवर नसतो. त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातल्या बशीतल्या शुक्राणूंवरच्या प्रयोगात लहरींची मात्रा, म्हणजे दर किलो वजनामागे शोषली जाणारी शक्ती, ०.४ पासून थेट २७.५ वॉट प्रतिकिलोपर्यंत नेली होती. फोनसाठीची मर्यादा अमेरिकेत १.६ आणि युरोपात २ वॉट प्रतिकिलो. हे दोन आकडेही एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका: पहिला एक ग्रॅम ऊतीची सरासरी आहे, दुसरा दहा ग्रॅमची.

गर्भाच्या बाबतीत लोक सर्वात जास्त घाबरतात ते येल विद्यापीठाच्या २०१२च्या प्रयोगाने. गाभण उंदरिणींच्या पिंजऱ्यावर कॉल चालू असलेला फोन ठेवला. पिल्लं पुढे अतिचंचल निघाली, त्यांची स्मरणशक्तीही कमी भरली. पण उंदरीण फोनहून लहान. तिचा गर्भ कातडीच्या जेमतेम खालीच असतो. बाईच्या पोटात मधे कातडी, चरबी, स्नायू, गर्भाशयाची भिंत आणि गर्भजल असतं, आणि अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्याने उतरतो. कोंबडीच्या अंड्यांवरचा प्रयोग असेल तर दोन प्रश्न विचारा: अंड्यांचं तापमान मोजलं होतं का, आणि बंद फोन ठेवलेला तुलनेचा गट होता का? अंड्यातला गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो. चालू फोन गरम होतोच, मग दोष लहरींचा की उष्णतेचा?

‘मग काहीच धोका नाही’ असाही अर्थ काढू नका, ते तितकंच आळशी उत्तर आहे. माणसांवरचा २०२३चा स्वित्झर्लंडचा अभ्यास घ्या. २,८८६ तरुण. दिवसाला वीसहून जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला ४४.५ दशलक्ष, आठवड्यातून फार तर एकदा वापरणाऱ्यांत ५६.५ दशलक्ष. फरक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेची खालची संदर्भमर्यादा १६ दशलक्ष आहे. शिवाय त्याच अभ्यासात फोन पँटच्या खिशात ठेवण्याशी संबंध सापडला नाही, आणि नवीन तंत्रज्ञानाचे फोन आले तसा हा फरकही कमी होत गेला. फोन किती वेळा वापरला, हे त्या तरुणांनी स्वतःच सांगितलेलं होतं, हेही ध्यानात ठेवा.

बाकीचं सोपं आहे. मूल हवं असेल तर फोन खिशाऐवजी बॅगेत ठेवा. लांबलचक कॉल इअरफोनवर घ्या, पण तेव्हा फोन मांडीवर किंवा पोटावर ठेवू नका. लिफ्टमध्ये, तळघरात गप्पा मारत बसू नका. सिग्नल क्षीण असला की फोन जास्त जोर लावतो. स्टिकर तर मुळीच नको: त्याने अँटेना झाकली गेली की पुन्हा तेच होतं. लॅपटॉप टेबलावर ठेवा. २००५च्या एका प्रयोगात तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या पुरुषांच्या वृषणकोशाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं होतं. तिथे प्रश्न उष्णतेचा आहे आणि शुक्राणूंना ती सोसत नाही.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, किंवा पत्नीचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतर, दोघांनीही तपासणी करून घ्या. ‘आधी फोन दूर ठेवून बघू’ म्हणत वेळ दवडू नका. वृषणकोशातल्या फुगलेल्या शिरा किंवा बंद गर्भनलिका फोन बॅगेत ठेवल्याने बऱ्या होत नाहीत. आणि सवयी बदलल्यावर वीर्यतपासणी पुन्हा करायचीच असेल तर तीन महिने थांबा. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात; पंधरा दिवसांनी काढलेला रिपोर्ट जुन्याच शुक्राणूंचा असतो.