घरबसल्या आपत्तीचा नकाशा कसा भरायचा: पहिला चौकोन घेण्याआधी हे वाचा

कुठं भूकंप झाला, पूर आला की आपण बातम्या बघून हळहळतो आणि मग परत आपल्या कामाला लागतो. पण एक काम असं आहे की ज्याला तिकडं जावं लागत नाही, लॅपटॉप, बरा माऊस आणि तासभर वेळ असला की झालं. नकाशा भरायचं काम. (टचपॅडवर करू नका, मनगटाची वाट लागते.)

मदतीची गाडी निघते तेव्हा गावात शिरायला रस्ता कुठनं आहे आणि तिथं घरं साधारण किती, हे आधी कळायला लागतं, घरांवरनं माणसांचा अंदाज आणि त्यावरनं तंबू किती, लसी किती ते ठरतं. जगात बऱ्याच ठिकाणी नकाशावर नेमकं तिथंच कोरं असतं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भरता येणारा, सगळ्यांना खुला असलेला जगाचा नकाशा) तिथली राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जवळपास रिकामी होती, मग जगभरातल्या शेकडो लोकांनी सॅटेलाइट फोटो बघून ती भरली आणि त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम म्हणजे हॉट रीतसर उभी राहिली. आज आपण ज्यावर काम करतो ते टास्किंग मॅनेजर, म्हणजे मोठा भाग छोट्या चौकोनांत वाटून देणारी वेबसाइट, त्यांचंच.

सुरुवात सोपी आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा, त्याच खात्यानं टास्किंग मॅनेजरमध्ये लॉगिन करा, नवख्यांसाठीचा प्रोजेक्ट निवडा. आता तिथल्या सूचना वाचा, खरंच वाचा, कारण कुठल्या प्रोजेक्टला फक्त घरं हवी असतात, कुठल्याला फक्त रस्ते, आणि फोटो कुठला वापरायचा तेही तिथंच लिहिलेलं असतं. मग नकाशावरचा एक चौकोन घ्यायचा, तो २ तास तुमच्या नावावर लॉक होतो म्हणजे दुसरं कुणी त्यात घुसत नाही.

आता घरं. चौकोन घेतला की एडिटरमध्ये सॅटेलाइट फोटो उघडतो, त्यावर एरिया टूल घ्या, छताच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक करत फिरा, शेवटी डबल क्लिक, मग बिल्डिंग निवडा आणि क्यू दाबा, कोपरे काटकोनात येतात. गोल झोपडी असेल तर ओ दाबायचं. दिसायला एवढंच, पण मी पहिल्या दिवशी वीसेक घरं काढली आणि दुसऱ्या दिवशी सगळी परत आली, कारण मी प्रत्येक घराबरोबर त्याची सावलीही आत घेतली होती! तपासणाऱ्यानं शांतपणे लिहिलं होतं, काळी कड सोडा. तेव्हापासून मी आधी चौकोनभर नजर टाकतो, सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघतो आणि मगच पहिला क्लिक करतो. फोटो तिरका असेल तर उंच इमारतीचं छत बाजूला सरकलेलं दिसतं, तेव्हा छताचा आकार काढून तो खाली भिंत जमिनीला टेकते तिथं ओढून ठेवायचा. आणि चार घरं चिकटून असली म्हणून सगळ्यांना मिळून एकच मोठा डबा काढू नका, घरं मोजायचीत ना आपल्याला.

फोटो बऱ्याचदा आपत्तीच्या आधीचा असतो. म्हणजे तुम्ही काढलेलं घर आज तिथं उभं असेलच असं नाही, तरी काढायचं, कारण आधी किती होती हे माहीत असल्याशिवाय किती पडली ते कसं कळणार. पडझड आपण अंदाजानं ठरवायची नाही, ते काम युरोपच्या कोपर्निकससारख्या यंत्रणा नव्या फोटोंवरनं वेगळं करतात, पुरात वर ढग असले तरी त्यांच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगातनं खालचं पाणी बघतं.

रस्त्यांत सगळ्यात जास्त घोळ जोडावर होतो. दोन रस्ते स्क्रीनवर चिकटलेले दिसतात पण झूम केलं तर मध्ये केसभर फट असते, आणि रस्ता शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या फटीतनं पुढं जाताच येत नाही, ते गाडीला लांबनं फिरवून आणतं नाहीतर रस्ताच नाही म्हणतं. म्हणून प्रत्येक तिठ्यावर झूम करा, एकच सामायिक ठिपका आहे का बघा. प्रकार निवडताना रस्ता कशासाठी वापरतात ते बघायचं, कच्चा की पक्का ते वेगळं नोंदवता येतं. गावं जोडणारा असेल तर अनक्लासिफाइड (नाव विचित्र आहे, पण म्हणजे माहीत नाही असा अर्थ नाही), शेतात जाणारा ट्रॅक, पायवाट पाथ. आणि ओढ्यावर पूल दिसत नसेल तर आपल्या मनानं पूल टाकू नका, त्यावर भरवसा ठेवून कुणीतरी ट्रक घेऊन जाईल.

दर १५-२० मिनिटांनी सेव्ह करा. कमेंटमध्ये आपोआप आलेला हॅशटॅग पुसू नका, त्यावरनंच काम कुठल्या प्रोजेक्टचं ते मोजतात. चौकोन अर्धाच झाला तर तसं सांगून सोडून द्या, लाजायचं काही नाही, पूर्ण झाला म्हणून खोटं सांगितलेला चौकोन जास्त महागात पडतो.

गावाचं नाव, दवाखाना चालू आहे की बंद, हे वरनं दिसत नाही, ते तिथलीच माणसं भरणार. आणि जिथं लढाई चालू आहे तिथं लोक कुठं लपलेत, कुठल्या इमारतीत आसरा घेतलाय असलं काही उघड्या नकाशावर टाकायचं नाही, तो नकाशा सगळ्यांनाच दिसतो, मदत करणाऱ्यालाही आणि बाकीच्यांनाही.

पहिला चौकोन झाला की त्याच प्रोजेक्टातला शेजारचा घ्या, तिथली छतं एव्हाना नजरेत बसलेली असतात. आणि दोन-तीन दिवसांनी परत येऊन कमेंट आलीय का बघा, चौकोन परत आला असेल तर दुसरीकडं जायच्या आधी तोच दुरुस्त करून टाका.